शाळेच्या शिस्तीसाठी पोलीस : डिचोली तालुक्यातील एका पालकाचे परीक्षण

ज्या सेवेचे हे परीक्षण आहे तिच्यासाठी कोणी पावती फाडत नाही आणि तिची जाहिरातही कुठे लागत नाही. तरीही आमच्या भागातील शाळा ती आता वरचेवर मागवू लागल्या आहेत. वर्गात दंगा करणाऱ्या, मारामाऱ्या करणाऱ्या किंवा शाळेच्या सामानाची नासधूस करणाऱ्या मुलांना वळणावर आणण्यासाठी पोलीस बोलावणे, ही ती सेवा. तालुक्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारिणीवर असल्यामुळे ती मला अगदी जवळून पाहता आली, आणि एकाच पोलीस स्थानकाकडून येणारी ही सेवा प्रत्येक खेपेला किती वेगळी निघते, हेही कळले. शाळेचे आणि पोलीस स्थानकाचे नाव येथे दिलेले नाही. नाव दिले की गावात मुले ओळखू येतात, आणि कायद्याच्या कचाट्यात आलेल्या मुलाची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 ने मनाई केली आहे.

शाळांना पोलिसांची आठवण इतक्या लवकर का होऊ लागली, याला कारणे आहेत. सप्टेंबर 2023 मध्ये डिचोलीतील एका शाळेच्या वर्गात पेपर स्प्रे, म्हणजे तिखटाचा फवारा, मारला गेला आणि काही विद्यार्थिनींना इस्पितळात हलवावे लागले, तेव्हापासून आमच्याकडच्या मुख्याध्यापकांचा हात फोनकडे जरा लवकरच जातो. दुसरे कारण जुने आहे. गोवा बाल अधिनियम 2003 ने शाळांतील शारीरिक शिक्षेवर बंदी आणली, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मारासोबत मानसिक छळालाही मनाई केली. या दोन्ही तरतुदी योग्यच होत्या. मात्र छडी काढून घेतल्यावर शिक्षकाने तिच्या जागी काय वापरायचे, याचे प्रशिक्षण फारसे कोणी दिले नाही. छडी गेली आणि तिच्या जागी जीप आली.

पहिला अनुभव सेवेच्या सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट प्रकाराचा आहे. नववीतील काही मुलांनी बालरथाच्या, म्हणजे शाळेच्या बसच्या, मागच्या आसनांची रेक्झिन कर्कटकाने उभी फाडली आणि खिडकीच्या एका काचेला तडा घालवला. चालकाने तक्रार केली, मुख्याध्यापकांनी पोलीस स्थानकात फोन केला, आणि अर्ध्या तासाच्या आत गणवेशातील दोन पोलिसांना घेऊन जीप शाळेच्या फाटकातून आत आली. तत्परतेला पूर्ण गुण द्यायला हवेत. आमच्याकडे वीज गेल्यावर माणूस इतक्या लवकर येत नाही. परंतु ती मधल्या सुट्टीची वेळ होती. जीप मैदानाच्या कडेला उभी राहिली आणि पाचवीपासून दहावीपर्यंतची सारी शाळा तिच्याभोवती जमली. कोणत्या वर्गातून कोणाला बोलावले, हे डबे बंद होण्याआधीच सर्वांना कळले होते.

खोलीत जे झाले त्याचा शेवटचा भाग मी पाहिला, कारण संघाचा प्रतिनिधी म्हणून मला बोलावण्यात आले होते. त्या मुलांच्या पालकांना तोवर कोणी कळवलेच नव्हते. मुले भिंतीला टेकून उभी होती. हवालदारांनी आवाज चढवला नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. त्यांचा दम शांत होता, आणि म्हणूनच तो अधिक लागला. "मेरशीला पाठवू, तिथे गेल्यावर कळेल," हे वाक्य मी स्वतः ऐकले. मेरशी म्हणजे तिथले 'अपना घर', मुलांना ठेवण्याचे सरकारी गृह, हे गोव्यात कोणाला सांगावे लागत नाही. त्यानंतर प्रत्येकाला वहीचा एक कागद देऊन माफीनामा लिहून घेण्यात आला. मजकूर तोंडी सांगितला गेला आणि मुले शुद्धलेखनाच्या तासाला उतरवून घ्यावे तसा तो उतरवत होती. एका मुलाने 'कायदेशीर कारवाई' हे शब्द लिहून खोडले, पुन्हा लिहिले, आणि मग त्यातली दुसरी वेलांटी बरोबर आहे का, असे चक्क हवालदारांनाच विचारले. शेवटी खाली सही घेण्यात आली. कागद जीपमधून गेले की शाळेच्या कपाटात राहिले, याची नोंद शाळेकडे नाही.

या अर्ध्या तासाकडे सेवा म्हणून पाहिले तर ती नियमांच्या नेमकी उलट बाजूने देण्यात आली होती. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 107 नुसार प्रत्येक पोलीस स्थानकात किमान साहाय्यक उपनिरीक्षक दर्जाचा एक अधिकारी बाल कल्याण पोलीस अधिकारी म्हणून नेमलेला असावा लागतो, आणि मुलांशी संबंधित प्रकरण त्यानेच हाताळायचे असते. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांप्रमाणे मुलांशी बोलताना पोलिसांनी शक्यतो साध्या वेशात असावे, मुलाला कबुलीसाठी भाग पाडू नये, आणि कोणत्याही जबाबावर त्याची सही घेऊ नये. मुलाला कोठे पाठवायचे, हे ठरवण्याचा अधिकार तर हवालदाराला नाहीच, निरीक्षकालाही नाही. तो एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक यांच्या बाल न्याय मंडळाचा आहे, आणि संस्थेत ठेवणे हा उपाय त्या मंडळानेही अगदी शेवटीच वापरायचा असतो. आसने फाडणे हा गुन्हा मानला तरी तो कायद्याच्या भाषेत किरकोळ ठरतो, कारण कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंत असलेले सर्व गुन्हे त्याच वर्गात मोडतात. म्हणजे हवालदारांनी ज्याची भीती घातली, ते करण्याची सत्ता त्यांच्याकडे नव्हती, आणि पालकांना बोलावून घेण्याची जी साधी गोष्ट हातात होती ती कोणी केली नाही.

परिणामाचे म्हणाल तर तो माझ्या अपेक्षेपेक्षाही विचित्र निघाला. एक मुलगा पुढचे काही दिवस शाळेतच फिरकला नाही. पोटात दुखते असे तो घरी सांगत असे. दुसरा मात्र जीप आल्याच्या जोरावर वर्गाचा पुढारी झाला, आणि सातवी-आठवीची मुले त्याच्याकडे आदराने पाहू लागली. अतिपरिचयात अवज्ञा म्हणतात ती अशी. पोलीस हा बागुलबुवा एकदा दाखवून झाला की त्याची भीती सर्वांत आधी ज्याला घालायची त्याच्याच मनातून जाते, आणि ज्याला ती घालण्याची गरज नव्हती त्याच्या मनात ती घर करून बसते. या सगळ्यात फाटलेल्या आसनांचा विषय निघालाच नाही. ती शाळेच्या निधीतून दुरुस्त झाली. मुलांनी दर शनिवारी चालकासोबत बालरथ धुवावा, किंवा घरून सुई-दोरा आणून रेक्झिन शिवायला मदत करावी, असे काही सुचवणारा एकही माणूस त्या खोलीत नव्हता. ज्या चालकाचे नुकसान झाले त्याला तर आत बोलावलेही नव्हते. तो बाहेर गाडीपाशी उभा होता.

या प्रकाराला मी पाचपैकी एक तारा देतो, आणि तोही वेळेवर पोहोचल्याबद्दल.

दुसरा अनुभव त्याच पोलीस स्थानकाचा आहे, म्हणून तो अधिक तपशिलाने सांगण्याजोगा वाटतो. दहावीच्या दोन मुलांची व्हरांड्यात जुंपली आणि एकाने स्टीलची पाण्याची बाटली दुसऱ्याच्या कपाळावर मारली. टाके पडले. जखमी मुलाच्या वडिलांनी शाळेची वाट न पाहता थेट तक्रार दिली, आणि ते त्यांच्या अधिकारातले होते. या वेळी बाल कल्याण पोलीस अधिकारी म्हणून नेमलेल्या महिला उपनिरीक्षक आल्या. त्या पंजाबी ड्रेसमध्ये होत्या आणि स्वतःच्या स्कूटरवरून आल्या, त्यामुळे ग्रंथालयात बसून दहावीच्या मुलाशी बोलणाऱ्या त्या बाई कोण, हे शिपायालाही बऱ्याच उशिरा कळले. त्यांनी आधी मुलाच्या आईला बोलावून घेतले, ती येईपर्यंत एक प्रश्नही विचारला नाही, आणि नंतर पहिला प्रश्न विचारला तो बाटलीबद्दल नव्हता. आज सकाळी काय खाल्लेस, असे त्यांनी विचारले.

काहीही खाल्ले नव्हते. वडील खाणीवर मशीन चालवायचे, खाणी बंद पडल्यापासून मिळेल ते काम करतात. आई करासवाड्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने जाते, आणि सकाळच्या पाळीच्या आठवड्यात घरातून सर्वांत आधी बाहेर पडते. धाकट्या बहिणीला तयार करून अंगणवाडीत सोडण्याचे काम याच मुलाकडे. हे सारे ऐकताना मॅडम एका छापील नमुन्यात भरत होत्या. त्यालाच सामाजिक पार्श्वभूमी अहवाल म्हणतात, आणि गंभीर वर्गाच्या पलीकडचा, म्हणजे किमान शिक्षाच सात वर्षे किंवा त्याहून अधिक असलेला निर्घृण गुन्हा नसेल आणि प्रौढ व्यक्ती त्यात सामील नसेल, तर मुलावर प्राथमिक माहिती अहवाल न नोंदवता दैनंदिनीत नोंद घेऊन हा अहवाल मंडळाकडे पाठवायचा, असे नियम सांगतात. ही तरतूद आमच्या शाळेतील एकाही शिक्षकाला माहीत नव्हती. जखमी मुलाच्या वडिलांना मात्र ती कळल्यावर राग आला, आणि तो राग मला समजण्यासारखा वाटतो. आपल्या मुलाच्या कपाळावर टाके आहेत आणि समोरच्याच्या नाश्त्याची चौकशी चालली आहे, हे कोणत्या बापाला रुचेल? मॅडमनी त्यांना स्वतंत्र वेळ दिला, तक्रारीचे पुढे काय होईल ते समजावले, आणि औषधोपचाराचा खर्च कोणी द्यायचा हा विषयही टाळला नाही.

यात उणिवा नव्हत्या असे नाही. त्यानंतरचा पाठपुरावा जवळजवळ शून्य होता. ज्या अधिकाऱ्यांवर हे काम सोपवले आहे त्यांच्याकडे आमच्या तालुक्यात तरी ते वेगळे काम म्हणून नसते. त्याच बंदोबस्ताला जातात, शिगम्याच्या मिरवणुकीत उभ्या राहतात, मोठे पाहुणे आले की रस्त्यावर असतात, आणि उरलेल्या वेळात मुलांकडे पाहतात. शाळेने दोनदा विचारणा केली तेव्हा मॅडम बंदोबस्तावर आहेत एवढेच उत्तर मिळाले, आणि नंतर त्यांची बदली झाली. नव्याने आलेल्या अधिकाऱ्यांना प्रकरण पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागले. माणूस चांगला असला तर सेवा चांगली, अशी अवस्था कोणत्याही खात्याला शोभणारी नाही. तरीही या हाताळणीला मी चार तारे देतो.

पोलिसांची शाळेतील व्याख्याने हा तिसरा प्रकार, आणि त्याच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. सायबर गुन्हे, अमली पदार्थ, 112 आणि 1098 हे मदतीचे क्रमांक, पडद्यावर भराभर सरकणाऱ्या चित्रफिती आणि मागच्या रांगेतील जांभया. अपवाद वाहतूक विभागाच्या तासाचा. गोव्यात अकरावी-बारावीची मुले सर्रास स्कूटरने येतात, काही तर दहावीपासूनच, आणि गाडी शाळेपासून थोडी दूर, एखाद्या दुकानाच्या आडोशाला लावतात. मोटार वाहन कायद्यात 2019 साली आलेल्या कलम 199 अ नुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला वयाची 25 वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. सभागृह एकदम शांत झाले. "म्हणजे पप्पांना आत घालणार?" असे एका मुलाने मोठ्याने विचारले, आणि त्याच्या आवाजात काळजीपेक्षा कुतूहल अधिक होते. मागे बसलेल्या पालकांपैकी काही जण मात्र खुर्चीत सावरून बसले. अशी व्याख्याने मुलांच्या जोडीने पालकांसाठीही ठेवावीत, अशी माझी शिफारस आहे.

आमच्या संघाच्या सभेत एका पालकांनी याहून पुढची सूचना केली: शाळेत एक पोलीस कायमचाच ठेवावा. अमेरिकेत अनेक शाळांत असा सशस्त्र अधिकारी नेमलेला असतो, आणि तेथील वाद याच मुद्द्यावर आहे की पूर्वी जे प्रकरण मुख्याध्यापकांच्या टेबलावर मिटत असे ते अधिकारी हाताशी असल्यामुळे अटकेपर्यंत जाते. मिनीआपोलिसच्या शाळा मंडळाने तर जून 2020 मध्ये शहराच्या पोलीस खात्याशी असलेला करारच संपवला. आपल्याकडे शाळेत पोलीस आणण्याची जी अधिकृत योजना आहे ती निराळ्या धर्तीची आहे. केरळात 2010 साली सुरू झालेला आणि 2018 मध्ये देशपातळीवर नेलेला विद्यार्थी पोलीस कॅडेट कार्यक्रम आठवी-नववीच्या मुलांना पोलिसांचे काम आणि नागरिकाची कर्तव्ये शिकवतो; दंगेखोरांना पकडणे हे त्याचे काम नव्हे. सूचना सभेत बारगळली, पण त्यामागची अगतिकता खोटी नव्हती.

ती अगतिकता कोठून येते, ते मी थोडे खोलात जाऊन पाहिले. गोवा शिक्षण विकास महामंडळामार्फत शाळांना समुपदेशक मिळतात, आणि आमच्या शाळेत येणाऱ्या समुपदेशक बाई कामात उत्तम आहेत. परंतु त्यांच्याकडे अनेक शाळा आहेत आणि आमच्याकडे त्या त्यांच्या ठरलेल्या वारीच येतात. मुले मात्र वार पाहून भांडत नाहीत. समुपदेशक पुढच्या आठवड्यात आणि पोलीस अर्ध्या तासात, असा हिशेब समोर असल्यावर कोणताही मुख्याध्यापक पोलिसांनाच बोलावणार. म्हणून पोलिसांना दिलेला एक तारा हा निम्मा शाळेचा आणि निम्मा शिक्षण खात्याचा आहे, असे मी मानतो. हवालदारांनी तरी काय करावे? "मुले ऐकत नाहीत, जरा दम द्या," अशी मागणी आली आणि त्यांनी मागणीप्रमाणे माल पुरवला.

ही सेवा केव्हा घ्यावीच लागते, याबद्दल मात्र शाळांमध्ये नेमका उलटा गोंधळ दिसतो. फाटलेल्या आसनांसाठी जीप बोलावणारी शाळा लैंगिक छळाची तक्रार आली की "घरातल्या घरात मिटवू" म्हणू लागते. पोक्सो कायदा 2012 च्या कलम 19 प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. येथे मुख्याध्यापकांना विचार करायला जागाच ठेवलेली नाही. मोठी दुखापत झाली, हत्यार सापडले, किंवा बाहेरचा प्रौढ मुलांना काही विकत असल्याचा संशय आला, तरीही पोलीस हवेतच. खरे तर फाटकाच्या बाहेर त्यांचे काम आतल्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांची विक्री 2003 च्या कायद्याने बंद आहे, ई-सिगारेट 2019 पासून देशभर बेकायदा आहे, आणि मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय अधिनियमाच्या कलम 77 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आमच्या शाळेच्या कोपऱ्यावरच्या गाड्यावर काय मिळते, हे नववीतल्या कोणालाही विचारावे. त्या गाड्यापाशी जीप थांबलेली मी अजून पाहिलेली नाही.

सेवा घेऊ इच्छिणाऱ्या शाळांसाठी माझी सूचना एवढीच, की फोन करताना पोलीस स्थानकात कोणाशी बोलायचे ते आधी ठरवावे. कोणी तरी पाठवा, असे न म्हणता बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यांना नावाने मागावे. त्यांचे नाव व संपर्क मुख्याध्यापकांच्या खोलीत लावलेला असावा आणि बदली झाली की तो बदलावा. त्याआधीचा फोन मुलाच्या घरी गेलेला असावा. गाडी शाळेच्या मैदानात येऊ नये. मुलाकडून लिहून घ्यायचेच असेल तर ते शिक्षकांनी घ्यावे, पालकांसमोर घ्यावे, आणि नुकसान कसे भरून देणार एवढेच त्यात असावे. आमच्या संघाने या आशयाचा ठराव केला असून शाळा व्यवस्थापनाने तो तत्त्वतः मान्य केला आहे. समुपदेशकांचा आणखी एक वार वाढवून मिळावा, अशी मागणी महामंडळाकडे गेली आहे.

एकूण सेवेला पाचपैकी अडीच तारे. नववीच्या मुलांच्या सह्या असलेले ते माफीनामे कोठे आहेत आणि ते नष्ट केव्हा करणार, अशी लेखी विचारणा संघाने मुख्याध्यापकांकडे केली आहे. उत्तर आले की हे गुण त्याप्रमाणे वर किंवा खाली करीन.